दिव्याखाली पडणारा तो काळा भुंगेरा कुठून येतो? आफ्रिकेपासून जपानपर्यंत पसरलेल्या ‘सायबिस्टर’ची गोष्ट

बेळगाव : मिरगाचा पाऊस सुरू झाला, शेतात आणि रस्त्याकडेच्या खड्ड्यांत पाणी साचलं, की रात्री दिव्याखाली एक पाहुणा हमखास येतो. पेट्रोल पंपावर, बसस्थानकाच्या छपराखाली, घराच्या पडवीत ‘टप्’ असा आवाज होतो आणि बदामाएवढा, काळसर हिरवट, गुळगुळीत भुंगेरा फरशीवर पडतो. कडेने पिवळी किनार, जणू कुणी बारीक ब्रश फिरवलाय. जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. पाय फरशीवर घासत तो अडखळत पुढे सरकतो, स्वतःभोवती फिरतो. बहुतेक जण त्याला झाडूने बाहेर लोटतात.

पण हाच किडा पाण्याच्या बादलीत टाकला तर चित्र एकदम पालटतं. क्षणात सूर मारून तो तळाला जातो आणि मागच्या दोन पायांनी वल्ही मारावीत तसा सरसर पोहायला लागतो. तो वाट चुकून दिव्याकडे आलेला असतो. त्याचं घर पाण्यातच.

हा ‘सायबिस्टर’ नावाच्या कुळातला पाणभुंगेरा. खानापूरच्या भातशेतीपासून हैदराबाद, वडोदरा, इंदूरकडच्या तलावांपर्यंत जिथे म्हणून मराठी माणूस स्थायिक झाला आहे, त्या सगळ्या पट्ट्यात याचे भाऊबंद सापडतात. तेवढ्यावरही तो थांबत नाही. त्याचा मुलूख आफ्रिकेपासून जपान आणि ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. एवढा पसारा असलेला हा किडा काही देशांत मात्र झपाट्याने कमी झाला. त्याची कारणं पाहिली तर आपल्या गावच्या तळ्याकडे पुन्हा एकदा बघावं लागतं.

नाव काय, गाव काय?

पाण्यात शिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुटुंबाला शास्त्रात ‘डायटिसिडी’ म्हणतात. जगभरात या कुटुंबाच्या साडेचार हजारांहून जास्त प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातले बरेचसे तीळ-ज्वारीच्या दाण्याएवढे, नजरेतही न भरणारे. सायबिस्टर मात्र या घराण्यातला थोरला. त्याच्या प्रजातींची संख्या शंभराच्या आसपास आहे.

इंग्रज कीटकशास्त्रज्ञ जॉन कर्टिस याने १८२७ मध्ये या प्रजातीसमूहाला सायबिस्टर हे नाव दिलं. मूळ शब्द ग्रीक, अर्थ ‘कोलांटी मारणारा’, ‘सूर मारणारा’. पाण्यात बुडी घेताना याला एकदा पाहिलं की नाव का पडलं ते सांगावं लागत नाही.

आपल्याकडे सर्रास दिसणारा म्हणजे ‘सायबिस्टर ट्रायपंक्टेटस’. लांबी साधारण अडीच सेंटिमीटर. दिव्याखाली पडणाऱ्यांत याचा भरणा मोठा. दुसरा ‘सायबिस्टर लिम्बेटस’, चांगला साडेतीन ते चार सेंटिमीटरचा, हातात घेतला तर वजन जाणवेल असा. डेन्मार्कच्या फॅब्रिशियसने त्याचं वर्णन १७७५ मध्येच करून ठेवलं आहे. ‘सायबिस्टर कन्फ्यूजस’ हा तिसराही भारतात आढळतो. ब्रिटिश अभ्यासक डेव्हिड शार्प याने १८८२ मध्ये जगभरच्या पाणभुंगेऱ्यांवर मोठा ग्रंथ काढला, त्यात त्याची नोंद झाली. पुढे भारतातल्या पाणभुंगेऱ्यांची पद्धतशीर उजळणी भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे टी. जी. वझिराणी यांनी केली.

सारखाच दिसणारा दुसरा कोण?

दिव्याखाली पडलेला प्रत्येक काळा पाणभुंगेरा सायबिस्टर नसतो. त्याच आकाराचा, तसाच चकचकीत काळा आणखी एक भुंगेरा पाण्यात राहतो. त्याला ‘हायड्रोफिलस’ म्हणतात. तो मोठेपणी मुख्यतः कुजकं आणि वनस्पती खाणारा. दोघांची गल्लत नेहमी होते, पण ओळखायच्या खुणा सोप्या आहेत.

पहिली खूण, पोहण्याची पद्धत. सायबिस्टर मागचे दोन्ही पाय एकदम मारतो, होडीतल्या माणसाने दोन्ही वल्ही एकत्र ओढावीत तसे. हायड्रोफिलस आळीपाळीने पाय हलवतो, म्हणजे पाण्यात चालल्यासारखा. दुसरी खूण, श्वास घेण्याची. सायबिस्टर शेपटीकडचं टोक पाण्याबाहेर काढून हवा घेतो, तर हायड्रोफिलस डोक्याकडची बाजू वर आणतो. तिसरी खूण पोटाखाली. हायड्रोफिलसच्या छातीखाली मागे वळलेला टोकदार काटा असतो, सायबिस्टरला तो नसतो. शिवाय सायबिस्टरच्या मिशा दोऱ्यासारख्या लांब, हायड्रोफिलसच्या टोकाला गाठ असलेल्या आखूड.

पाठीवर हवेची टाकी

सायबिस्टरला माशासारखे कल्ले नाहीत. तो आपल्यासारखाच हवा घेतो. तरीही पाण्याखाली बराच वेळ राहतो. यामागची करामत त्याच्या पाठीवरच्या कडक पंखांत आहे. हे वरचे पंख म्हणजे झाकण. झाकण आणि पोट यांच्यामध्ये जी पोकळी राहते, तीत तो हवा भरून घेतो. श्वासाची छिद्रं याच पोकळीत उघडतात. हवा संपत आली की वर येतो, शेपटीचं टोक पाण्याला टेकवतो, ताजी हवा भरतो आणि पुन्हा खाली. मच्छीबीज उत्पादकांचा एक जुना उपाय याच सवयीवर बेतलेला आहे, तो पुढे येईल.

मागचे पाय चपटे आणि दाट केसांची झालर असलेले. मागे रेटताना झालर पसरते आणि पाणी ढकलते, पुढे घेताना मिटते. नराचे पुढचे पाय आणखी वेगळे. त्यांच्या टोकाला गोल तबकडी असते आणि तिच्या खाली बारीक चिकट चूषकांच्या रांगा. मिलनाच्या वेळी मादीची गुळगुळीत पाठ धरून ठेवायला त्याचा उपयोग. नर-मादी ओळखायचे असतील तर पुढचे पाय पाहावेत.

बेडूक, मासा, बगळा अशा शत्रूंसाठीही त्याची तयारी असते. छातीजवळच्या ग्रंथींतून तो दुधासारखा पांढरा द्रव सोडतो. त्यात संप्रेरकांसारखी रसायनं असतात. त्यांतल्या एकाला तर याच किड्यावरून ‘सायबिस्टेरॉन’ हे नाव मिळालं. अशा द्रवाने गिळायला आलेला मासा भक्ष्य टाकून देतो. हातात धरलं की जो उग्र वास येतो, तो याच ग्रंथींच्या कारभाराचा.

अळी म्हणजे खरा वाघ

मोठा भुंगेरा जिवंत शिकार तर करतोच, शिवाय मेलेले मासे, बेडूक, किडे खाऊन पाण्याची साफसफाईही करतो. पण शिकारीत त्याच्या अळीची सर त्याला नाही. लांबट, सडपातळ, मोठ्या प्रजातींत दोन इंचांहून लांब भरणारी ही अळी. तोंडाशी विळ्यासारखे दोन जबडे. ते आतून पोकळ असतात. भक्ष्य पकडलं की त्यातून पाचक रस भक्ष्याच्या अंगात सोडायचा, आतलं मांस विरघळलं की त्याच नळीने ओढून घ्यायचं. चतुराच्या पाण्यातल्या अळ्या, पाण्यातले ढेकूण, डासांच्या अळ्या, बेडकाची पिल्लं, माशांची बारीक पिल्लं, जे तावडीत सापडेल ते. माणसाच्या बोटालाही तिचा चावा बसला तर चांगलाच झोंबतो.

मादी पाणवनस्पतींच्या देठात भोक पाडून आत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी तीनदा वाढीच्या टप्प्यांतून जाते. नंतर मात्र ती पाण्यात थांबत नाही. काठावर येते, ओलसर मातीत स्वतःपुरती पोकळी करते आणि तिथे कोष होते. कोषातून निघालेला भुंगेरा आधी फिकट आणि मऊ असतो. अंग कडक झालं, रंग चढला की तो पुन्हा पाण्याची वाट धरतो.

म्हणजे या किड्याचा संसार तीन गोष्टींवर उभा आहे : अंड्यांसाठी पाणवनस्पती, अळीसाठी शिकार असलेलं पाणी आणि कोषासाठी ओल्या मातीचा काठ. यातली एक गोष्ट काढून घेतली की साखळी तुटते.

मुलूख केवढा?

सायबिस्टरच्या सर्वाधिक प्रजाती आफ्रिकेत आहेत. तिथून मादागास्कर, अरबस्तान, भारत, श्रीलंका, चीन, आग्नेय आशिया, जपान, ऑस्ट्रेलिया असा त्यांचा पट्टा जातो. युरोपातही एक प्रजाती चांगली पसरलेली आहे आणि ती मध्य आशियापर्यंत पोचते. उत्तर अमेरिका आणि मेक्सिकोकडे मोजक्या प्रजाती आहेत.

दक्षिण अमेरिकेत मात्र सायबिस्टरची जागा ‘मेगाडायटिस’ नावाच्या त्याच्या चुलत घराण्याने घेतली आहे. आकार, सवयी बऱ्याच सारख्या, पण कुळ वेगळं. ऑस्ट्रेलियात सायबिस्टर आहेच, शिवाय तिथली अशी आणखी काही चुलत घराणी आहेत जी दुसरीकडे सापडत नाहीत. एकाच मूळ पुरुषाची पोरं वेगवेगळ्या खंडांत वाटली जाऊन वेगळी वाढली, असं हे चित्र दिसतं.

आपला ट्रायपंक्टेटस तर एकटाच अर्धं जग व्यापून आहे. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा परिसर, पश्चिम आशिया, भारत, चीन, जपान ते थेट ऑस्ट्रेलिया. प्रदेशानुसार अभ्यासकांनी त्याचे पोटभेद पाडले आहेत. आशियात आढळणाऱ्याला ‘लॅटरॅलिस’ म्हणतात, जुन्या पुस्तकांत तोच ‘आशियाटिकस’ नावाने भेटतो. लिम्बेटसचा मुलूख त्या मानाने लहान : भारत, श्रीलंका, म्यानमार, दक्षिण चीन, आग्नेय आशिया आणि जपानच्या दक्षिणेकडची बेटं.

एवढा लांब पोचला कसा?

उत्तर त्याच्या पंखांत आहे. कडक झाकणाखाली उडायचे पातळ पंख घडी करून ठेवलेले असतात. पाणी आटायला लागलं, गर्दी झाली, खाणं कमी पडलं की रात्री तो पाण्याबाहेर येतो आणि उडून दुसरं पाणी गाठतो. पावसाळ्यात भरणारी शेतं आणि डबकी, उन्हाळ्यात टिकणारी तळी, अशी त्याची ये-जा चालते. ज्याला आटणाऱ्या पाण्यात जगायचं आहे, त्याला उडता आलंच पाहिजे. आणि ज्याला उडता येतं, त्याच्या प्रजाती पिढ्यान्‌पिढ्या पुढे सरकत दूरवर पसरतात.

पाणी शोधायची त्याची पद्धतही न्यारी. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट दिशेत कंप पावतो. माणसाच्या डोळ्याला तो फरक कळत नाही, पाणकिड्यांना कळतो. घोटाळा असा की ओला डांबरी रस्ता, गाडीचं काळं बोनेट, काच, सांडलेलं तेल हेही तसाच प्रकाश परत फेकतात. त्यामुळे तळं समजून तो गाडीवर येऊन आदळतो. त्यात रात्रीच्या दिव्यांची ओढ वेगळीच. पडवीत पडलेला भुंगेरा हा असा फसलेला प्रवासी असतो.

सगळ्याच पाणभुंगेऱ्यांचं असं नसतं. याच कुटुंबातला ‘कोपेलॅटस’ बघा. काही मिलिमीटरचा किडा. २०१८ मध्ये पुण्याच्या अभ्यासकांनी प्रागच्या तज्ज्ञाबरोबर महाराष्ट्रातल्या कोपेलॅटसचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तीन प्रजाती जगाला नव्या होत्या. सह्याद्रीच्या कातळसड्यांवर पावसाळ्यापुरती जी डबकी भरतात, तसल्या जागी हे लहान किडे राहतात. एकाचा मुलूख तीन खंडांचा, दुसऱ्याचा कदाचित काही डोंगरांचा. म्हणून खाणीसाठी किंवा बांधकामासाठी एखादा सडा फोडला, तर सायबिस्टर उडून दुसरीकडे जाईल. त्या लहानग्याला दुसरं घर असेलच असं नाही.

मित्र की शत्रू? जमा-खर्च मांडून बघू

खर्चाच्या बाजूला पहिली नोंद मत्स्यशेतीची. रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडायच्या संगोपन तळ्यात सायबिस्टरची अळी शिरली तर नुकसान ठरलेलं. नुकतं सोडलेलं जिरं म्हणजे तिला आयतं ताट. म्हणून बीज सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी तळ्यावर तेल आणि साबणाचं मिश्रण पसरण्याची शिफारस मत्स्यशास्त्रात जुनी आहे. प्रमाण हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण. पाण्यावर तेलाचा पातळ थर बसतो आणि हवा घ्यायला वर आलेल्या किड्याची श्वासाची वाट बंद होते. वारा जोरात असेल तर थर फाटतो, म्हणून वारा पडलेला असताना हे काम करतात. मासे बोटाएवढे झाले की हा धोका बराच कमी होतो. म्हणजे हा उपाय संगोपन तळ्यापुरता, त्या थोड्या दिवसांपुरता. गावच्या सार्वजनिक तळ्यावर असं तेल ओतायचं कारण नाही.

जमेच्या बाजूला डास. पाणभुंगेरे आणि त्यांच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात, हे अनेक प्रयोगांतून दिसलं आहे. एकट्या सायबिस्टरच्या भरवशावर गावातला डेंग्यू-मलेरिया जाईल असं कुणी म्हणू नये. टायर, टाक्या, कुंड्यांतलं पाणी ओतावंच लागतं, तिथे हा किडा राहात नाही. पण भातशेत, डबकी, तळी इथे डासांना आवर घालणारी जी फौज असते, तिचा तो एक शिपाई आहे. भातशेतीत तो पिकाला दात लावत नाही. उलट मेलेले जीव खाऊन पाणी सडू देत नाही. बगळे, खंड्या, बेडूक, मोठे मासे यांच्या ताटातही तो असतो.

आणखी एक जमा आहे, ती आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. ईशान्य भारत, थायलंड, लाओस, दक्षिण चीन इथे हे भुंगेरे लोक चवीने खातात. पंख-पाय काढून तळून किंवा भाजून. तिथल्या बाजारात त्यांचे वाटे मांडलेले दिसतात.

जपानने काय गमावलं?

जपानमध्ये सायबिस्टरला ‘गेंगोरो’ म्हणतात. भातखाचरांचा देश, त्यामुळे हा किडा तिथल्या खेड्यातल्या पोरांच्या ओळखीचा. पण गेल्या काही दशकांत चित्र पालटलं. एकेकाळी सर्वत्र असलेली मोठी प्रजाती टोकियोसारख्या भागातून नाहीशी झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे सापडणारा लिम्बेटस जपानच्या दक्षिण बेटांवर इतका दुर्मीळ झाला की त्याला पकडणं, विकणं कायद्याने बंद करावं लागलं.

कारणं तिथल्या अभ्यासकांनी शोधली. भातावरची कीटकनाशकं. पडीक राहिलेली खाचरं आणि बुजलेली तळी. बाहेरून आणून सोडलेले मासे आणि लाल झिंगे, जे अळ्या खातात आणि पाणवनस्पतीही संपवतात. हौशी संग्राहकांची पकड. आणि सिमेंटचे पाट. मातीचे बांध जाऊन काँक्रीट आलं आणि अळीला कोष करायला काठच उरला नाही. गंमत म्हणजे त्याच जपानमध्ये आपला ट्रायपंक्टेटस, जो एकदा कमी झाला होता, तो दक्षिण आणि पश्चिम भागांत पुन्हा वाढताना दिसतोय. उष्ण हवामानाचा हा किडा, हिवाळे सौम्य झाल्याचा त्याला फायदा होत असावा, असं तिथले अभ्यासक सांगतात.

आपल्या तळ्यांचं काय?

भारतात सायबिस्टर आज दुर्मीळ नाही. पावसाळ्यात दिव्याखाली तो अजून पडतो. पण जपानमध्येही एके काळी तो असाच सगळीकडे होता. आणि जपानने जी चूक केली तिची तयारी आपल्या गावोगावी चालू आहे. तिला आपण ‘तलाव सुशोभीकरण’ म्हणतो.

सीमेच्या अलीकडे असो वा पलीकडे, कामाचा नमुना सारखाच. तळ्यातला गाळ काढायचा, ते चांगलंच. पण मग चारही बाजूंनी सिमेंटची भिंत, त्यावर फरशी, रेलिंग, रंगीत दिवे. काठावरचं गवत, लव्हाळी ‘घाण’ म्हणून साफ. पाणी दिसतं छान, पण देठ नाही म्हणून अंड्यांना जागा नाही, मातीचा काठ नाही म्हणून कोषाला जागा नाही. वर रात्रभर जळणारे दिवे, जे उडत्या किड्यांना भिंतीवर आपटवतात. असं तळं सायबिस्टरच्या हिशेबात आटलेल्या तळ्यासारखंच. आणि त्याच पाण्यात डासांना मात्र फारशी अडचण येत नाही.

उपाय महाग नाहीत. चार बाजूंपैकी निदान एक बाजू मातीची, उतरती आणि गवताची राखायची. गाळ सगळा एकाच उन्हाळ्यात न खरवडता टप्प्याटप्प्याने काढायचा. पाणवनस्पती पूर्ण न उपटता एका कोपऱ्यात ठेवायच्या. पाण्याकडे तोंड असलेले दिवे कमी करायचे किंवा त्यांना वरून झाकण घालायचं. डास मारायला परदेशी गप्पी मासे सरसकट सगळ्या तळ्यांत ओतायचे नाहीत, ते इतर जिवांची अंडी-पिल्लंही खातात. ग्रामपंचायत असो की महापालिका, आराखडा मंजूर होण्याआधी ग्रामसभेत एवढं विचारता आलं तरी पुरे.

दुसरं काम घरबसल्या होण्यासारखं. गोवा, बेळगाव, निपाणी, बिदर, इंदूर, वडोदरा, कुठेही दिव्याखाली असा भुंगेरा दिसला की मोबाइलवर वरून आणि पोटाकडून एकेक फोटो काढावा. जागा आणि तारीख लिहून जैवविविधतेच्या नोंदी ठेवणाऱ्या एखाद्या खुल्या संकेतस्थळावर टाकावा. पक्ष्यांच्या नोंदी ढिगाने होतात, पाणकिड्यांच्या क्वचितच. कुठला किडा कुठवर आहे हे आज लिहून ठेवलं, तरच वीस वर्षांनी तो कुठून गेला ते कळेल.

आणि फोटो झाला की त्याला झाडूने लोटू नये. अलगद उचलून बादलीभर पाण्यात ठेवावा आणि सकाळी जवळच्या तळ्यात किंवा शेताच्या पाण्यात सोडून द्यावा. सूर मारायला त्याला एक क्षणही लागत नाही.